न गोठणारे रक्त आणि गोड गोळी

मालवणच्या किनाऱ्यावर, देवबागेपासून आचऱ्यापर्यंतच्या कोणत्याही वाडीत, मूल रांगू लागले म्हणजे त्याची ढोपरे खरचटणे आणि कपाळाला टेंगूळ येणे ही गोष्ट इतकी नित्याची मानली जाते, की तिची दखल घेण्याचे कारण घरातल्या कोणालाच वाटत नाही. परंतु हजारो घरांतून एखाद्या घरी असा मुलगा जन्माला येतो, की ज्याला नुसते काखेत धरून उचलले तरी अंगावर निळेकाळे डाग उमटतात, लस टोचलेली मांडी कित्येक दिवस टणक सुजून राहते, आणि पडून ओठ आतून फाटला तर रात्रभर उशी भिजत राहते. आजी प्रथम दृष्ट काढते. मग ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते, कौल घेतला जातो. आणि अखेरीस ‘रगात थांबना नाय’ एवढेच सांगत आई बाजारपेठेतल्या ज्या दवाखान्याची पायरी चढते, तो दवाखाना पुष्कळदा होमिओपथीच्या डॉक्टरांचा असतो. शहरातील तज्ज्ञ दूर, सरकारी इस्पितळात गर्दी, आणि गावात बारमाही हजर असणारा, तीन पिढ्यांची नावे ठाऊक असणारा वैद्य हाच. तेव्हा या पायरीवर आई चुकली असे कोणी म्हणू नये. त्या पायरीवरून मूल पुढे कोठे जाते, यावर मात्र त्याचा उभा जन्म अवलंबून असतो.

या व्याधीचे नाव हिमोफिलिया. रक्त गोठणे ही एक क्रिया नसून ती क्रियांची मालिका आहे. समुद्रात सोडलेली रापण किनाऱ्याला ओढताना दोन्ही दोरांवर माणसे ओळीने उभी राहतात आणि त्यांतल्या नेमक्या जागच्या एका गड्याने हात सोडला तर बाकीच्यांचे बळ वाया जाते. तशीच रक्तातील अनेक प्रथिने एकामागून एक कामाला लागतात तेव्हा कोठे जखमेवर घट्ट जाळे विणले जाते. या मालिकेतील आठव्या क्रमांकाचा घटक उणा असला तर तो हिमोफिलिया ‘ए’, आणि नववा उणा असला तर ‘बी’. पहिला प्रकार साधारणपणे पाच हजार मुलग्यांमागे एकाला असतो. दुसरा त्याहून बराच विरळा. निरोगी माणसाच्या मानाने एक टक्क्याहूनही कमी घटक ज्याच्या रक्तात असतो त्याचा रोग तीव्र, एक ते पाच टक्के असल्यास मध्यम, आणि त्यावर सौम्य. अशा मुलाचे रक्त इतरांपेक्षा वेगाने वाहते ही समजूत खोटी आहे. ते इतरांपेक्षा अधिक काळ वाहते, एवढेच. म्हणूनच खडकावरच्या कालवांनी पाय कापला तर घरातले जेवढे घाबरतात तेवढे भय त्या जखमेचे नसते. खरे भय असते ते दिसत नाही अशा जागी, ढोपर, कोपर आणि घोटा यांच्या सांध्यांत, जेथे काहीही न लागता रक्त झिरपते, सांधा तापतो, फुगतो, आणि मूल पाय सरळ करण्याचे नाकारते. एकाच सांध्यात असे वारंवार झाले की त्यातील मऊ आवरण सुजून राहते, कूर्चा झिजते, आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा वृद्धासारखा लंगडत शाळेत जाऊ लागतो. याहून मोठे भय मस्तकाच्या आतील रक्तस्रावाचे. तेथे तर तासांचा हिशेब असतो.

हा दोष मातेकडून पुत्राकडे येतो. ज्या गुणसूत्रावर या घटकांची आज्ञा लिहिलेली असते त्याच्या स्त्रीजवळ दोन प्रती असतात. एक सदोष असली तरी दुसरीवर तिचे बहुधा भागते. पुरुषाजवळ एकच प्रत असल्याने दोष तेथे उघडा पडतो. या शास्त्रीय सत्याचा आपल्या समाजात जो उपयोग केला जातो तो मात्र अत्यंत दुःखद आहे. ‘हिच्या माहेरचे रक्तच असले’, असे सासरी एकदा बोलले गेले, की ती बाई मुलाची शुश्रूषा आणि स्वतःवरचा आळ अशी दोन ओझी जन्मभर वाहते. असे बोलणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की सुमारे एक तृतीयांश कुटुंबांत या रोगाचा पूर्वीचा काहीच मागमूस नसतो. सृष्टीच्या क्रमात अक्षर एकदा चुकते आणि ते त्या घरी प्रथमच चुकलेले असते.

आता त्या गोड गोळीकडे येऊ. होमिओपथीचा प्रवर्तक हानेमान याचा जन्म १७५५ चा, जर्मनीतील माइसेन या गावचा. त्याचा मुख्य ग्रंथ १८१० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या काळी रोग्याच्या नसा कापून रक्त काढीत, पारा खाऊ घालीत, रेचकांनी देह पोखरीत. अशा काळात रोग्याला कमीत कमी इजा करणारी पद्धती निर्माण झाली आणि लोकांनी ती उचलून धरली, यात आश्चर्य काही नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तिचे एक जुने पीठ म्हणजे मंगळूरजवळचे कंकनाडी. तेथे ऑगस्टस म्युलर या जर्मन जेझुइट धर्मगुरूने १८८० साली गोरगरिबांसाठी होमिओपथीचा दवाखाना उघडला. महाराष्ट्रात या औषधांना घरगुती स्वरूप आले ते विशेषेकरून बाराक्षारांच्या पेटीमुळे. शुस्लर या दुसऱ्या जर्मन वैद्याने गेल्याच्या आधीच्या शतकात सांगितलेली ही बारा क्षारांची चिकित्सा आपल्याकडील मध्यमवर्गाने इतकी आपलीशी केली, की १९५९ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने होमिओपथीबरोबर तिच्याही व्यावसायिकांच्या नोंदणीची तजवीज केली. पुढे १९७३ चा केंद्रीय कायदा आला, महाविद्यालये निघाली, पदव्या मिळू लागल्या. आणि आज खेड्यापाड्यांतून लोकांच्या सर्दी-तापाला धावून जाणाऱ्यांत या पदवीधरांचा वाटा फार मोठा आहे.

हिमोफिलियाच्या मुलांच्या बाबतीत या गोळीचे आकर्षण आणखी एका कारणाने वाढते, आणि ते कारण सर्वस्वी न्याय्य आहे. अशा मुलाला साध्या तापासाठी कोणी कमरेत सुई टोचली तर स्नायूत रक्त साकळून तो भाग काळानिळा होतो; कोणी अॅस्पिरिन दिले तर रक्तस्राव बळावतो. निदान होण्यापूर्वी हे अनुभव घेतलेल्या आईबापांना सुई, सलाईन आणि इस्पितळ यांचा धसका बसलेला असतो. त्यातच, एके काळी रक्तापासून बनविलेल्या औषधांतूनच या रोग्यांना कावीळ आणि एड्स यांची बाधा झाली, हा इतिहास खरा आहे. १९८० नंतरच्या त्या काही वर्षांत जगभर हजारो हिमोफिलियाग्रस्त त्यामुळे दगावले. उष्णतेने शुद्ध केलेले आणि पुढे रक्ताविना प्रयोगशाळेत तयार केलेले घटक मिळू लागल्यावर ते संकट ओसरले, परंतु भीती ओसरण्यास औषधापेक्षा अधिक काळ लागतो. अशा वेळी जी गोळी टोचत नाही, दुखत नाही, कडू लागत नाही, आणि जी देणारा वैद्य अर्धा-पाऊण तास बसवून मुलाला काय आवडते, तो कोणत्या कुशीवर निजतो, कशाला घाबरतो, इथपासून सारे विचारून घेतो, तिच्यावर जीव बसावा हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. त्या विचारपुशीत आईला जे समाधान लाभते, ते सरकारी इस्पितळाच्या रांगेत तिला क्वचितच लाभते. होमिओपथीचे हे ऋण मान्य केले पाहिजे, आणि ते मी मनापासून मान्य करतो.

आणखी एक गोष्ट. सांध्यात साकळलेले रक्त आतला दाब वाढल्यावर पुष्कळदा आपोआप थांबते आणि आठ-पंधरा दिवसांत सूज उतरते. त्या दिवसांत घरात जो इलाज चालू असेल, तो अंगारा असो, काढा असो की गोळी असो, यशाचे श्रेय त्याच्या पदरी पडते. रशियाच्या झारचा मुलगा अलेक्सी याच रोगाने ग्रस्त होता. १९१२ साली स्पाला येथे त्याची आशा सोडलेली असताना रासपुतिनचा संदेश आला, मुलाला उतार पडला, आणि त्या योगायोगाने त्या गोसाव्याचे राजघराण्यावरील वजन असे वाढले की त्याचे परिणाम साऱ्या साम्राज्याने भोगले. राजवाड्यात जे घडले ते गाबीतवाडीत घडू नये असे कोणी कसे म्हणावे? बरे वाटणे आणि बरे होणे यांतील अंतर ओळखण्यासाठी पुष्कळ रोग्यांच्या, पुष्कळ काळच्या, काटेकोर नोंदी लागतात. एका घराच्या अनुभवाने ते काम होत नाही.

अशा नोंदींचा एक प्रयत्न आपल्याच महाराष्ट्रात झालेला आहे, आणि या विषयावर बोलणारे होमिओपथ त्याचाच दाखला देतात. नाशिकचे डॉ. तपस कुंडू आणि त्यांचे सहकारी यांनी केलेल्या या अभ्यासाचा निबंध ‘होमिओपथी’ याच नावाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात २०१२ साली प्रसिद्ध झाला. निबंधकारांत डॉ. कांजाक्ष घोष यांचे नाव आहे, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. कारण परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेचे ते त्या वेळी संचालक होते. परळचा तो परिसर रक्तशास्त्रात जगाला ठाऊक आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ नावाचा दुर्मीळ रक्तगट मुंबईतच शोधून काढला. तेव्हा हा निबंध एखाद्या भोंदूची जाहिरात नव्हे. तो आदराने आणि तितक्याच सावधपणे वाचला पाहिजे.

अभ्यासात तीव्र व मध्यम हिमोफिलियाचे २८ रोगी होते. पहिले एक वर्ष त्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, आणि पुढचे वर्ष त्याच रोग्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार निवडलेली होमिओपथीची औषधे दिली. दुसऱ्या वर्षी रक्तस्राव कमी झाले, वेदना कमी झाल्या आणि बाहेरून द्यावा लागणारा घटकही पुष्कळ कमी लागला, असा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष मोठा आहे; पण त्याचा पाया केवढा आहे हे पाहिले पाहिजे. रोगी अवघे अठ्ठावीस. सर्वांना आधी पोकळ गोळी आणि नंतर औषध, हा क्रम सर्वांना एकच. त्यामुळे एका वर्षाने वाढलेले वय, रोगाची वाढलेली जाण, नियमित भेटींनी लागलेली सावधगिरीची शिस्त, या साऱ्यांचा लाभ आपोआप दुसऱ्या वर्षाच्या खात्यावर जमा होतो. शिवाय औषध कोणते आणि पोकळ गोळी कोणती हे रोग्याला ठाऊक नसले तरी देणाऱ्याला ठाऊक होते. आणि देणाऱ्याचा विश्वास त्याच्या चेहऱ्यावरून, आवाजातून रोग्यापर्यंत पोहोचल्यावाचून राहत नाही. रोग्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केली आहे, देणारा आणि घेणारा दोघेही अंधारात आहेत, आणि तपासणारे तिऱ्हाईत आहेत, असा मोठा प्रयोग झाल्यावाचून या निष्कर्षावर कोणत्याही मुलाचा सांधा पणाला लावता येणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यक संशोधन परिषदेने २०१५ साली साऱ्या उपलब्ध प्रयोगांची छाननी करून असा निर्णय दिला, की होमिओपथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा ज्यात आहे असा एकही आजार आढळत नाही.

या नाशिकच्या निबंधातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर वेगळाच आहे, आणि त्याकडे बोट कोणी दाखवीत नाही. त्या दोन्ही वर्षांत नेहमीचा उपचार चालूच होता. म्हणजे जो अभ्यास या गोळ्यांच्या बाजूने पुढे केला जातो, त्या अभ्यासातील वैद्यांनीही घटक बंद करून पाहण्याचे धाडस केले नाही. ते त्यांनी केले नाही यातच त्यांचा शहाणपणा आणि सचोटी आहे. ‘घटकाबरोबर गोळी’ एवढेच त्यांनी म्हटले. ‘घटकाऐवजी गोळी’ असे म्हटले नाही. परंतु नाशिकहून निघालेले वाक्य वाडीवस्तीवर पोहोचेपर्यंत त्यातला ‘बरोबर’ गळतो आणि ‘ऐवजी’ उरतो, आणि मुलाचे पाय आखडतात ते तेथे.

घटकाऐवजी गोळी का चालणार नाही, हे समजण्यास फार मोठे शास्त्र लागत नाही. आठवा घटक हे सुमारे २,३३२ दुव्यांचे एक प्रचंड प्रथिन आहे. ते तयार करण्याची आज्ञाच शरीरात सदोष लिहिली गेली असेल, तर तयार प्रथिन बाहेरून शिरेत सोडणे अथवा त्याचे काम करणारे दुसरे काही देणे भाग आहे. ते प्रथिन तोंडाने घेतले तरी पोटात अन्नासारखे पचून जाईल. होमिओपथीची औषधे तर दर पायरीला शंभरपट विरल करीत नेलेली. बाराव्या पायरीच्या आसपास मूळ द्रव्याचा एक रेणूसुद्धा उरण्याची शक्यता संपते, आणि रक्तस्रावासाठी दिली जाणारी फॉस्फरस वा लॅकेसिस ही औषधे बहुधा तिसाव्या वा दोनशेव्या पायरीची असतात. कायद्यानेही हे ओळखले आहे. १९४५ च्या औषध नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत जे रोग बरे करण्याचा दावा औषधाने करू नये म्हणून सांगितले आहे, त्यांत आनुवंशिक विकारांचा समावेश आहे.

थॅलसेमियाच्या मुलांचीही हीच कथा, केवळ रक्त वाहण्याऐवजी रक्त घडत नाही एवढा फरक. तेथे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त भरावे लागते आणि त्या रक्तातून साचणारे लोह औषधाने बाहेर काढावे लागते. त्या कामाची तोंडाने घ्यायची एक गोळी, डेफेरिप्रोन, जगात प्रथम विकण्यास मंजुरी मिळाली ती भारतात, १९९४ च्या सुमारास, मुंबईच्या सिप्ला कंपनीला. अशा मुलाला ‘रक्त भरणे बंद करा, गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढेल’ असे सांगणाऱ्याने काही महिन्यांत त्या मुलाच्या चेहऱ्याची आणि प्लीहेची काय दशा होते ते येऊन पाहावे.

मालवणात या प्रश्नाला भूगोलाची धार आहे. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा लांबट आणि डोंगरदऱ्यांचा. जिल्हा रुग्णालय ओरोसला, बड्या उपचारांसाठी वाट एक तर गोव्यातील बांबोळीची, नाही तर घाट चढून कोल्हापूर-बेळगावची, नाही तर सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या मुंबईची. चाकरमान्यांच्या या जिल्ह्यात परळला नातेवाईक नाही असे घर विरळा, म्हणून के. ई. एम.चे नाव सर्वांना ठाऊक असते. पण रक्तस्राव सुरू झाल्यापासून शक्यतो दोन तासांत घटक मिळावा असा या रोगाचा नियम आहे, आणि कोकण रेल्वेच्या कितीही जलद गाडीला तो पाळता येणार नाही. आठव्या घटकाचे बळ शरीरात आठ ते बारा तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे एकदा मुंबईला जाऊन आल्याने काही साधत नाही; औषध घराजवळच असावे लागते. स्वीडनमध्ये १९५८ पासून रक्तस्राव होण्याची वाट न पाहता आधीच नियमित घटक देण्याचा प्रघात सुरू झाला आणि तेथली मुले ताठ पायांनी मोठी झाली. आता एमिसिझुमॅब नावाचे कातडीखाली टोचायचे औषध आठवड्याने, पंधरवड्याने वा महिन्याने एकदा देऊन भागते, आणि शीर शोधण्याचा छळ टळतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. आलोक श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र हिमोफिलिया ‘ए’ च्या पाच रोग्यांवर जनुक-उपचार करून, पुढे एकालाही रक्तस्राव झाला नाही असा वृत्तांत २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केला. रोगी पाचच, आणि उपचार अजून सर्वांच्या आवाक्यातला नव्हे. तरी सदोष आज्ञा दुरुस्त करण्याचा मार्ग आपल्या देशात मोकळा होत आहे, ही वार्ता ज्या घरी असा मुलगा आहे त्या घरी कोणीतरी जाऊन सांगण्यासारखी आहे.

हक्कही आहेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा २०१६ साली झाला, त्याने हिमोफिलिया, थॅलसेमिया आणि सिकल सेल या तिन्ही रक्तविकारांना दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतून घटक विनामूल्य देण्याची व्यवस्था आहे. १९८३ साली स्थापन झालेले हिमोफिलिया फेडरेशन ऑफ इंडिया रोग्यांच्याच पुढाकाराने चालते आणि अर्ज, दाखला, औषध या तिन्ही बाबतींत वाट दाखविते. पण अर्ज आणि दाखले ज्याच्या हाती द्यायचे त्याला आधी आपल्या मुलाला हा रोग आहे हे कळले पाहिजे, आणि ते कळविण्याचे काम, जिल्ह्याची रचना पाहता, पुष्कळदा त्या बाजारपेठेतल्या होमिओपथीच्या डॉक्टरांवरच येते.

म्हणून माझी पहिली विनंती त्यांना आहे. आपल्याजवळ विश्वास आहे, वेळ आहे, आणि घरोघरची माहिती आहे. ती या मुलांच्या कामी आणा. निळे डाग घेऊन आलेल्या मुलग्याला गोळी देण्यापूर्वी रक्त गोठण्याच्या दोन साध्या तपासण्या, पी. टी. आणि ए. पी. टी. टी., लिहून द्या. पहिली ठीक आणि दुसरी लांबलेली आली तर त्याला जिल्हा रुग्णालयात रवाना करा आणि घटक सुरू झाला की नाही याचा पाठपुरावा करा. त्यानंतर त्याच्या मनाच्या धीरासाठी आपण गोळ्या देत राहिलात तर कोणाची तक्रार नाही, फक्त ‘आता इंजेक्शनची गरज नाही’ हे वाक्य आपल्या तोंडून कधीही निघू देऊ नका. दुसरी विनंती शासनाला : घटकाच्या कुप्या ओरोसला असून भागणार नाही, मालवण, देवगड, वेंगुर्ले अशा प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयाच्या शीतपेटीत त्या असल्या पाहिजेत आणि त्या शिरेत देणारे हात रात्रीही तेथे असले पाहिजेत. आणि ज्यांच्या घरी असा मुलगा आहे त्यांनी त्याला अॅस्पिरिन देऊ नये, कमरेत वा दंडात सुई टोचू देऊ नये, सुजलेला सांधा सकाळवर टाकू नये. आणि त्याच्या बहिणीची व मावशीची रक्ततपासणी त्यांची लग्ने ठरण्यापूर्वी, कोणताही संकोच न धरता, करून घ्यावी.